टोके असलेला तांदूळ

अनसाबाईंची आठवण झाली की मला त्यांच्या चेहऱ्याआधी त्यांची मूठ दिसते. तांदूळ घ्यायला गेल्या की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्या तळातले दाणे काढायच्या आणि मूठ मिटायच्या. मग मूठ तोंडाशी नेऊन आत एक लांब, गरम श्वास सोडायच्या आणि तशीच मिटलेली मूठ पदराआड धरून दुकानदाराशी भलत्याच विषयावर बोलत राहायच्या. त्याच्या सुनेचं बाळंतपण, घाटात बंद पडलेली एस.टी., काहीही. बोलणं संपलं की मूठ उघडायची. उबेने जागा झालेला एखादा टोका तळहातावर चालायला लागला असेल, तर तो तांदूळ त्या घ्यायच्या. काहीच हललं नाही तर दाणे परत पोत्यात टाकून, हात पदराला न पुसता, अंगापासून लांब धरून बाहेर पडायच्या.

टोके म्हणजे तांदळात होणारे ते बारीक, काळपट, सोंडवाले किडे. ते दिसले की लोक तांदूळ परत करतात. ते दिसल्याशिवाय तांदूळ न घेणारी भोरच्या बाजारात ही एकच बाई होती.

"अनसाबाई, तुम्हाला तांदूळ हवाय का टोके?" कोपऱ्यावरचा दुकानदार विचारायचा.

"टोकंच द्या. वर थोडा तांदूळ घाला," त्या म्हणायच्या.

दुकानातली माणसं हसायची. त्या हसायच्या नाहीत. असलं काही बोलतानाही त्यांचे डोळे पोत्यांवरून फिरत असायचे, अंधाऱ्या खोलीत शिरलेलं माणूस कोपरे बघतं तसे.

मी भोरला गेले तेव्हा संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. माझा भाऊ तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होता. त्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून घर बघायला मला पाठवलं. माझं सगळं शिक्षण पुण्याला इंग्रजी शाळेत झालेलं. धान्य नवं की जुनं हे मला कळत नव्हतं, आणि दुकानात उभं राहून भाव विचारायचा म्हटलं की मी पाऊल मागे घ्यायचे. अनसाबाईंची खानावळ आमच्या शेजारी होती. दोन्ही परसांमध्ये कमरेएवढी भिंत. शाळेतले काही मास्तर आणि कचेरीतले कारकून त्यांच्याकडे जेवायला असत.

पहिल्याच आठवड्यात मी परसात तांदूळ निवडायला बसले होते आणि त्यात निवडण्यासारखं काही निघत नव्हतं. मला बरं वाटत होतं. भिंतीपलीकडून त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"कुठनं घेतला?"

मी दुकान सांगितलं.

"लई स्वच्छ हाय," त्या म्हणाल्या. दादा रोग्याच्या नातेवाइकांना "ताप बराच आहे" म्हणायचा, तसा स्वर. मग भिंतीवरून हात लांब करून त्यांनी मूठभर तांदूळ उचलला, श्वास सोडला आणि थांबल्या. मीही थांबले. बऱ्याच वेळाने मूठ उघडली तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी एक टोका धडपडत चढत होता.

"हाय एक," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे खाली आले. "शिजवा आता."

मी तांदूळ घेऊन आत गेले. मला त्यांची भीती वाटली होती, आणि त्यांना कशाची तरी वाटत होती हेही मला दिसलं होतं.

त्या दिवसापासून बाजारात मी त्यांच्या मागे जायला लागले. त्या पुढे, मी पिशवी घेऊन मागे. त्यामुळे मला कुणाशी बोलावं लागत नसे. वांगी घेताना त्या किडीचं भोक असलेलं वांगं शोधायच्या. "आधी कुणीतरी खाऊन बघितलंय," म्हणायच्या. गूळ काळा घ्यायच्या. भाजीवाली खेड्यातली असली तर तिच्यासमोर उकिडव्या बसून पहिला प्रश्न विचारायच्या, "रानात मेंढरं बसली व्हती का?"

वेल्ह्याकडच्या डोंगरात पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावून त्याचा कळप काही रात्री शेतात बसवून घेतात. लेंड्या आणि मुताचं खत होतं, धनगराला धान्य मिळतं. जिथे मेंढरं बसली तिथलंच पीक अनसाबाईंना पसंत. नसरापूरला तेव्हा पोत्यांतून पांढरं खत यायला लागलं होतं. साखरेसारखं दिसायचं. दादा म्हणायचा, त्याने पीक दुप्पट येतं. मी हे त्यांना सांगितलं.

"येत असंल," त्या म्हणाल्या. "पर त्यात काय हाय ते इकणाऱ्याला ठावं न्हाई, पेरणाऱ्याला ठावं न्हाई. मग खाणाऱ्यानं कुणाला इचारायचं?"

त्यांची आणखी एक सवय होती, आणि तिच्यावरून खानावळीत रोज टोमणे असायचे. अनसाबाई सगळ्यांच्या आधी जेवायच्या. बाई माणसाने, त्यातून खानावळवालीने, पाव्हण्यांच्या आधी ताट वाढून घ्यायचं हे कुणाला पटत नसे. ड्रॉइंगचे एक मास्तर होते, ते दारातूनच विचारायचे, "बाई, आमच्यासाठी काही उरलंय का?"

"तुमचंच राखून ठिवलंय, मास्तर. माझं मगाच संपलं."

"तुमचं पोट भरलेलं असलं की आम्हाला वाढताना हात आखडत नाही, एवढा फायदा आहे खरा."

मला परसातून जे दिसायचं ते मास्तरांना दिसत नसे. स्वयंपाक झाला की त्या सगळ्यातलं थोडंथोडं वाढून घेऊन एकट्याच खायच्या. मग मागच्या पायरीवर बसायच्या आणि दोन्ही हात पुढे धरून, बोटं पसरून, त्यांच्याकडे बघत राहायच्या. मेंदी लावलेली मुलगी बसते तशा. मास्तर आणि कारकून यायच्या वेळेपर्यंत त्या तशाच असत. मग उठून पितळ्या मांडायला लागत.

त्या वर्षी हिवतापाच्या डासांसाठी फवारणीवाले गावात आले. पाठीवर टाक्या घेऊन ते घराघरात शिरायचे आणि भिंतींवर पांढरे ओघळ सोडून जायचे. आमच्या आळीतल्या बायका देवघरात फवारू देईनात. तेव्हा त्यांच्यातल्या एका हसऱ्या तरुणाने डब्यातली चिमूटभर पूड काढली आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवली.

"बघा. माणसाला काही होत नाही."

बायका मागे सरकल्या. अनसाबाई पुढे आल्या, त्याचा चेहरा निरखून बघितला. "उद्या ह्याच वक्ताला यिऊन दावा," म्हणाल्या.

तो दुसऱ्या दिवशी खरंच आला. तब्येतीने ठणठणीत. सगळी आळी अनसाबाईंना हसली. त्यांनी त्याला बसवून ताक दिलं, पेला परत घेताना त्याच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आई असंल तुमची घरी."

त्या वर्षी दवाखान्यात तापाचे रोगी कमी झाले, हे मी स्वतः बघितलं. दादा समाधानाने सांगायचा. त्याच दिवसांत आळीतली मांजरं मेली. एकेक करून, भिंतीच्या कडेला. मी दादाला विचारलं तर तो म्हणाला, "माणसं वाचली ते बघ." त्याचं चुकलं होतं असं मी म्हणत नाही. पण संध्याकाळी आळीत एकही मांजर दिसायचं नाही, आणि मी पांढऱ्या ओघळांपासून लांब राहून चालायला लागले.

फवारणीवाले गेले आणि त्यांच्यामागून तसलीच कुठलीतरी पूड बाजारात आली. ती कुठून आली ते कुणी सांगत नव्हतं. ढेकणांवर म्हणून कागदाच्या पुडीत मिळायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की धान्यात घातली तर टोकेही मरतात. कोपऱ्यावरचा दुकानदार छाती काढून सांगायला लागला, "ह्या वर्षी माझ्या पोत्यात एक किडा दाखवा."

बायका खूश झाल्या. तांदूळ निवडायचे कष्ट वाचले. अनसाबाई मात्र एका दुकानातून दुसऱ्यात गेल्या, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी मूठ मिटायची, दुकानदाराशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलायच्या, मूठ उघडायची. तळहात रिकामा. बाजाराच्या टोकाला आम्ही थांबलो तेव्हा त्यांच्या ओठांवर घाम होता.

"समद्या बाजारात एक टोका न्हाई, ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

घरी येऊन मी डब्यातला तांदूळ मुठीत घेतला आणि त्यांच्यासारखा श्वास सोडला. बराच वेळ उभी राहिले. काही हललं नाही. हात नाकाशी नेला तर कुबट वास आला, बंद खोलीत ओले कपडे राहिल्यासारखा. दादाला मी त्या दिवशी पोळ्या वाढल्या आणि भात करपला म्हणून सांगितलं.

खानावळीचा तांदूळ संपत आला होता. दर वर्षी गुंजवण्याहून धोंडिबा बैलगाडीने त्यांचा तांदूळ पोचवायचा; कमी पडेल तेवढाच त्या बाजारातून घ्यायच्या. धोंडिबा त्यांचा चुलतभाऊ, राजगडाच्या पायथ्याशी त्याची भातखाचरं होती. त्या वर्षी गाडीची वाट न बघता त्या स्वतःच निघाल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी बी चला. तुमाला इंग्रजी येतं. कशावर काई लिवलेलं असलं तर वाचून दावा."

नसरापूरवरून वेल्ह्याच्या एस.टी.ने मार्गासनीला उतरलो आणि पुढे चालत गेलो. शिमगा जवळ आला होता. खाचरं रिकामी होती. गाव दिसायच्या जरा अलीकडे एका खाचरात मेंढरं बसली होती आणि धनगरणी चुलीपाशी काहीतरी करत होत्या. लेंड्यांचा उग्र वास आला तेव्हा मी नाकाला रुमाल लावला. अनसाबाई थांबल्या, छाती भरून श्वास घेतला आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

"हा वास आला का मला भूक लागती," त्या म्हणाल्या. मग चालता चालता, माझ्याकडे न बघता, "मुंबईत म्या एकदा लई स्वच्छ जवारी घेतली व्हती."

एवढं बोलून त्यांनी पाय उचलले. मी वाट बघितली, पण विचारलं नाही.

धोंडिबाच्या पडवीत त्याची सून यशोदा मांडीवर मुलीला घेऊन बसली होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. मुलीचं नाव बायडी, तीन-चार वर्षांची असेल. ती जागी होती पण आमच्याकडे बघत नव्हती. मध्येच तिची बोटं वेगळीच थरथरली, तार हलवल्यासारखी, आणि थांबली.

अनसाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"कधीपास्नं?" त्यांनी विचारलं.

"पौषापास्नं, आत्याबाई," यशोदा म्हणाली. "आदी हात निस्ते हालायचे. आता मदीच डोळं फिरिवती, समदं आंग ताठ हुतं. मामंजींनी देवरुशाकडं बी नेलं. बाहेरचं हाय म्हनला."

"दवाखान्यात न्हाई आणली?"

"येनार व्हतो, आक्का," धोंडिबा म्हणाला. तो उंच, वाकलेला, बोलताना डोक्यावरचा पटका सारखा करणारा माणूस होता. "आता ह्या ताई आल्यात तर डाक्टरसायबास्नी सांगतील. तुमी आदी जेवून घ्या. लांबनं आलाय."

पाट मांडले गेले. गरम भात वाढला, पांढरा शुभ्र, वर वरण. माझ्याकडे ताट सरकवलं तेव्हा वाफेबरोबर तो वास आला. कुबट. मी अनसाबाईंकडे बघितलं. त्यांनी घास कालवला होता आणि हात तोंडापर्यंत नेऊन तिथेच थांबवला होता.

"ताईंचा आज उपास हाय," त्या म्हणाल्या.

"आज कसला उपास?" यशोदेने विचारलं. "आज तर बुदवार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "इंग्रजी उपवास आहे," मी म्हणाले. त्याशिवाय मला काही सुचलं नाही. अजूनही मला त्याचं हसू येत नाही.

अनसाबाईंनी घास ताटात परत ठेवला. "धोंडिबा, हा तांदूळ कोंचा?"

आणि धोंडिबाचा चेहरा उजळला. ह्याच प्रश्नाची तो वाट बघत होता. "तुमचाच, आक्का. तुमच्या वाटचा ह्या वर्सी वायला ठिवला. गेल्या साली भोरच्या बाजारात लोकं बोलताना ऐकलं म्या. अनसाबाईच्या खानावळीत टोकं निगत्यात, म्हनून हसत व्हती. लई वाईट वाटलं. आपला तांदूळ, आन् त्यावरनं बहिनीला लोकांनी हसावं? मग येल्ह्याच्या बाजारातनं ती पूड आनली. तुमच्या कणगीत एक किडा दावा."

तो उठून कणगी दाखवायला निघाला. अनसाबाई उठल्या नाहीत. "आन् तुमी काय खाता?" त्यांनी विचारलं.

"आमी आमचा जाडा. त्यात राख हाय, टोकं हायती. आमाला काय करायचंय स्वच्छ खाऊन?"

"आन् पोर?"

यशोदेने उत्तर दिलं. "पोर अशक्त झाली म्हनून मामंजी म्हनले, तिला आत्याबाईंच्यातला शिजवत जा. चांगला तांदूळ हाय. दोन्ही वक्ताला त्याचीच पेज देती मी. पयल्यांदा पौषात एकदाच दिला व्हता, मग हात हालाय लागलं तसा रोज द्याया लागले."

 बाहेर कोंबड्या चरत होत्या. मला आठवतं, मला उठून पळून जावंसं वाटलं, आणि मी ताटाच्या काठाला धरून बसले.

अनसाबाईंनी उरलेली पूड मागितली. यशोदेने आढ्याला खोचलेली पुडी काढून आणली. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "वाचा."

जुन्या वर्तमानपत्राचा कागद होता. त्यावर कुठल्याशा नाटकाची अर्धी जाहिरात होती, बाकी काही नाही. मी कागद उलटून बघितला. "ह्यावर काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"तरी बी कळलं," त्या म्हणाल्या, आणि धोंडिबाकडे वळल्या. "ती कणगी समदी पुरायची. आत्ता."

धोंडिबाला ते आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "अन्न पुरायचं? लक्ष्मी हाय ती, आक्का. वर्साचा घाम हाय. ज्या पुडीनं ढेकूण मरत्यात तिनं मानूस मरतं व्हय? मानूस केवढं, ढेकूण केवढा. फवारायला आलेली मानसं तर खाऊन दावत्यात म्हनं."

"व्हय. म्या बघितलं. त्यो दुसऱ्या दिवशी आला बी."

"मग?"

"एका दिसाचं दावलं त्यानं."

"तुमी भित्र्या हायसा, आक्का. मुंबईपास्नं तुमी पान्याला बी भ्येता."

"व्हय, भ्येते," त्या म्हणाल्या. "यशोदे, तुमच्या जाड्या तांदळातली टोकं आन. सुपात घालून आन."

मग जे झालं ते अंगणात, उन्हात झालं. अनसाबाईंनी एका वाटीत त्या स्वच्छ कणगीतला तांदूळ घेतला आणि दुसऱ्या वाटीत जाडा. यशोदेने आणलेले टोके त्यांनी बोटाने अर्धे एकीत आणि अर्धे दुसरीत सारले. "एक जरी जगला तरी म्या हे समदं ताट खाते, आन् कणगी घिऊन भोरला जाते," त्या म्हणाल्या. धोंडिबा वाट्यांसमोर उकिडवा बसला. मीही जवळ गेले.

सुरुवातीला दोन्ही वाट्यांत सारखंच चाललं होतं. टोके दाण्यांखाली शिरत, वर येत. धोंडिबाने एकदा माझ्याकडे बघून मान हलवली, बघा म्हणून. ऊन पडवीच्या कडेला आलं तेव्हा स्वच्छ तांदळातले टोके भराभर पळायला लागले, दिशा नसल्यासारखे. मग एक उलटा झाला. मग दुसरा. पाठीवर पडून ते पाय हलवत होते, आणि ते हलवणं चालण्यासाठी नव्हतं. बारीक, वेगळंच थरथरणं होतं. थांबायचं, परत सुरू व्हायचं.

शेजारच्या वाटीतले टोके काठावर चढून बाहेर निघाले होते.

"तशीच," धोंडिबा म्हणाला. एवढंच.

यशोदेने मांडीवरच्या मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि वाटीकडे पाठ करून बसली.

खड्डा धोंडिबानेच खणला, ओढ्यापासून लांब, वरच्या माळावर, जिथे गुरं जात नाहीत. तांदूळ पोत्यांत भरून त्यानेच वाहिला. शेवटचं पोतं ओतल्यावर तो हात जोडून उभा राहिला. पांढरा ढीग मातीत फार स्वच्छ दिसत होता. अनसाबाईंनी आमच्या ताटांतला शिजलेला भात आणि ती पुडीही त्यात टाकली. मग धोंडिबाने माती ओढली, वर धोंडे रचले. घरी येऊन त्या हात राखेने घासत बसल्या, किती तरी वेळ.

रस्त्यापर्यंत पोचवायला धोंडिबा आमच्याबरोबर आला. अनसाबाई बायडीला खांद्यावर घेऊन पुढे चालल्या होत्या आणि यशोदा त्यांच्यामागे. "पोर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे थोडं दिस, आईसकट," एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि कुणी नाही म्हणालं नव्हतं. धोंडिबा माझ्या बरोबरीने, अदबीने थोडं अंतर ठेवून चालत होता.

"आक्काला लेक व्हती," तो म्हणाला. "मुंबईला, चाळीत. ही एवढीच. आक्कानं सवस्तात जवारी आनली, कुठल्या गोदामातली व्हती. लई स्वच्छ निगाली म्हनून तिला आनंद झाला व्हता. उंदरांसाटी काय टाकलेलं त्यात सांडलं व्हतं म्हनत्यात. आक्कानं बी खाल्लं, पर थोडं. पोरीनं पोटभर खाल्लं. तिची बोटं नाचायची म्हनं, जाईस्तवर." मग तो थांबला. पटका काढून परत बांधला. "आन् म्या तिला भित्री म्हनलो."

भोरला दादाने बायडीला तपासलं. गोळ्या दिल्या. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने तिची बोटं परत एकदा उघडून बघितली. "असू शकेल," तो म्हणाला. "लहान मुलांना असे झटके दुसऱ्या कारणांनीही येतात. जातातही. मला खात्रीने सांगता येणार नाही." पुढच्या आठवड्यात त्याने दवाखान्याच्या दारात उभं राहून, धान्यात पूड घालू नका, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली. काहींनी ऐकलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा तांदूळ मात्र आधीसारखाच खपत राहिला.

खानावळीत तांदूळच नव्हता. ते सगळं वर्ष अनसाबाईंनी नाचणीची भाकरी आणि वरी रांधली. दोन कारकुनांनी दुसरीकडे जेवण लावलं. ड्रॉइंगचे मास्तर राहिले आणि रोज कुरकुरले. "बाई, मी आता धनगर होणार," ते म्हणायचे.

"व्हा की. मेंढरं बसवाया जागा हाय परसात."

परसातल्या पायरीवर आता दोघी दिसायच्या. अनसाबाई आधी जेवायच्या, हात पुढे धरून बसायच्या, मग बायडीला भरवायच्या, आणि मग तिचे हात पुढे धरायला लावून त्यांच्याकडे बघायच्या. मुलीला तो खेळ वाटायचा. ती बोटं पसरून बसायची आणि पडू न देता किती वेळ ठेवता येतात ते मोठ्याने मोजायची, चुकीचे आकडे. मला ते बघवत नसे, आणि तरी मी रोज भिंतीपाशी जाऊन उभी राहायचे. झटके कमी झाले, मग विरळ झाले. पावसाळ्यात एकदा परत आला. त्या दिवशी अनसाबाईंनी घरातलं प्रत्येक मडकं उपसून अंगणात ओतली. त्यानंतर मी तिथे होते तोवर आला नाही. पण नाही आला, असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दादाची बदली झाली. धोंडिबाची गाडी त्याच आठवड्यात येऊन गेली होती. मी निघाले तेव्हा अनसाबाई स्टँडवर आल्या, काखेत एक कापडी पिशवी आणि बोटाला बायडी. पिशवी त्यांनी गाडीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. गुंजवण्याचा आंबेमोहोर होता. मी सगळ्यांदेखत पिशवीत हात घातला, मूठ मिटली आणि तोंडाशी नेऊन श्वास सोडला. मला लाज वाटली नाही. बाकावरच्या बायका बघत राहिल्या.

"नवा हाय. इतक्यात निगायचं न्हाई काई," अनसाबाई खिडकीखालून म्हणाल्या. "हफ्ता दोन हफ्तं ठिवा, मग बघा. तवर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तोवर काय करायचं हे त्यांनाही माहीत नसावं.

"तोवर मी आधी खाईन," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तशी बायडीने हात वर करून जोरजोरात हलवायला सुरुवात केली. मी खिडकीतून वाकून बघत होते. अनसाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बायडीच्या लहानशा हलणाऱ्या हाताकडे बघत होत्या, श्वास धरून, पायरीवर बसून बघायच्या तशा. धुळीतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच. मुलीने हलवायचं थांबवलं. हात तिने स्वतः खाली घेतला, आणि तो तिच्या परकराशी स्थिर राहिला. तेव्हा कुठे अनसाबाईंनी मान वर केली आणि गाडी कुठे गेली ते शोधायला लागल्या.